जुन्या गाण्यांची परतीची फेरी

१५ डिसेंबर २०१९ च्या रविवारी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये 'यू टू' हा आयरिश रॉक बँड वाजला. नोव्हेंबरच्या आठ तारखेला न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून निघालेला त्यांचा दौरा ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स करत नवी मुंबईत येऊन संपला. भारतातला हा त्यांचा पहिलाच कार्यक्रम. पण ते ज्यासाठी आले होते ते काही नवं नव्हतं. 'द जोशुआ ट्री' हा त्यांचा १९८७ चा अल्बम, त्यातली अकराच्या अकरा गाणी, ध्वनिमुद्रिकेवर ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने वाजवायची, असा या दौऱ्याचा बेत होता. ए. आर. रहमान आपल्या दोन मुलींसह मंचावर आले आणि 'अहिंसा' हे त्यांनी मिळून केलेलं ताजं गाणं झालं. बाकी रात्र बहुतेक जुन्याच गाण्यांची होती.

त्या रात्री गायक बोनो ५९ वर्षांचा होता. बासगिटार वाजवणारा ॲडम क्लेटनही ५९, गिटारवाला एज आणि ड्रमवाला लॅरी मलन ५८. हा अल्बम आला तेव्हा चौघेही पंचविशी-सव्विशीत होते. साठीला टेकलेल्या माणसांनी पंचविशीतली गाणी पुन्हा पुन्हा वाजवत जगभर फिरायचं, याला पाश्चात्त्य संगीतसमीक्षेत फारसा मान नाही. कलावंत आटला की तो आठवणी विकायला काढतो, असा एक सूर तिथे कायम ऐकू येतो. मला तो पटत नाही. गाणं जुनं होतं म्हणजे नेमकं काय होतं, ते कोणाचं होतं, आणि ते परत घेऊन येण्याची संधी कोणाला मिळते, या प्रश्नांकडे त्या टीकेचं लक्षच जात नाही. हे प्रश्न बघायला नेरूळ-बेलापूरचा हा पट्टा फार चांगली जागा आहे.

'द जोशुआ ट्री' बाजारात आला ९ मार्च १९८७ रोजी. तेव्हा नेरूळचं हे स्टेडियम नव्हतं. ते झालं २००८ मध्ये, आणि पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना त्याच वर्षी तिथे खेळला गेला. पाम बीच रस्ता नव्हता. मानखुर्दहून वाशीला लोकल आली १९९२ मध्ये आणि नेरूळ-बेलापूरपर्यंत पोचली १९९३ मध्ये. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, त्यामुळे शहर कागदावर होतं आणि बेलापुरात सरकारी कचेऱ्या उभ्या राहू लागल्या होत्या. पण इथे खरी वस्ती होती ती गावांची. त्यातलंच एक दिवाळे: बेलापूरच्या किल्ल्यापासून जवळ, पनवेलच्या खाडीला लागून असलेला कोळीवाडा. चिंबोरी, कोळंबी, निवट्या, नशीब असेल तर जिताडा, यांवर चालणारं गाव. स्टेडियमपासून ते आज चार-पाच किलोमीटरवर आहे. म्हणजे ज्या शहरात या अल्बमची आठवण जागवली गेली, ते शहर त्या अल्बमपेक्षा फारसं थोरलं नाही.

मग त्या रात्री जमलेल्या हजारो लोकांना आठवत काय होतं? बँड तर इथे कधी आलाच नव्हता. डब्लिन किंवा लंडनमध्ये पन्नाशीचा प्रेक्षक तिकीट काढतो तेव्हा त्याने तरुणपणी पाहिलेला एखादा कार्यक्रम त्याच्या डोळ्यांपुढे असू शकतो. आपल्याकडे ती शक्यताच नव्हती. आपल्याला आठवत होती ती कॅसेट. कोणाच्या तरी मोठ्या भावाने आणलेली, किंवा कोऱ्या टीडीकेवर उतरवून घेतलेली, पेन्सिलीने फिरवून घट्ट केलेली. गाण्यांची नावं वहीच्या कागदावर लिहून डबीत सरकवलेली. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि एमटीव्हीवर ही माणसं दिसतात कशी ते कळलं. तोवर बोनो म्हणजे नुसता आवाज होता. नेरूळला म्हणूनच एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या: तीस वर्षांपूर्वीच्या गाण्याची आठवण आणि त्या गाणाऱ्याची पहिली भेट.

मोठे परदेशी बँड आपल्याकडे तरुणपणी फार क्वचित आले. 'द पोलीस' हा बँड १९८० मध्ये, ऐन भरात असताना, मुंबईत वाजून गेला, तो अपवाद. 'रोलिंग स्टोन्स' १९६२ मध्ये सुरू झाले आणि बंगळूर-मुंबईला आले एप्रिल २००३ मध्ये. 'पिंक फ्लॉइड'मधला रॉजर वॉटर्स २००२ मध्ये बंगळूरला आला. 'गन्स अँड रोझेस' ऐन जोशात होता १९८७ ते १९९१ या काळात. २०२५ च्या मे महिन्यात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर तो वाजला, त्याआधी २०१२ मध्ये एकदा. परकीय चलनाची टंचाई, करमणूक कर, आवाजाची यंत्रणा आणि मोठी मैदानं यांचा अभाव, आणि तिकिटाला तेवढे पैसे मोजू शकणारा वर्ग नसणं, या साऱ्यामुळे उदारीकरणाआधी असा दौरा भारतात परवडणारा नव्हता. परवडू लागला तोवर बँड म्हातारे झाले होते आणि श्रोते कमावते.

मधल्या काळात ती पोकळी भरून काढली ती आपल्याच मुलांनी. धोबी तलावाजवळचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह मुंबईच्या रॉकचं घर होतं. १९८६ पासून तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' हा ऑगस्टमधला महोत्सव भरायचा. पावसात चिखल तुडवत पोरं यायची आणि मंचावरच्या बँडकडे परदेशी गाण्यांची फर्माईश करायची. जो बँड मूळ गाण्याच्या जास्तीत जास्त जवळ जाईल तो मोठा. मूळ बँड दिसण्याची आशा नव्हती, त्यामुळे नकलेलाच मुळाची किंमत आली होती. या वातावरणातून पुढे आलेला सगळ्यात महत्त्वाचा बँड म्हणजे 'रॉक मशीन'. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. यांनीही सुरुवात इतरांच्या गाण्यांपासून केली, पण १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि १९९० मध्ये दुसरा. इंग्रजीत रॉक लिहिणारा भारतीय बँड स्वतःची गाणी विकू शकतो, हे त्यांनी दाखवून दिलं. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं, १९९५ मध्ये त्या नावाचा अल्बम आला, त्यातल्या गाण्याची चित्रफीत एमटीव्हीवर गाजली. आणि १९९७ मध्ये बँड फुटला. यांच्याकडे पुन्हा येईन, कारण जुन्या गाण्यांची परतीची फेरी कोणाला मिळते आणि कोणाला अर्धीच, ते त्यांच्या गोष्टीत दिसतं.

आधी श्रोत्याच्या डोक्यात काय घडतं ते बघू. पन्नाशी-साठीच्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या तर त्या सगळ्या वर्षांतून सारख्या येत नाहीत. साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी दाटीने येतात; पुढचा काळ विरळ होत जातो, अगदी अलीकडचा तेवढा पुन्हा गर्दी करतो. आलेखावर तरुणपणी एक उंचवटा दिसतो आणि मानसशास्त्रज्ञांना तो पुन्हा पुन्हा सापडला आहे. कारणं अनेक सांगतात. या वयात पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी खूप असतात: पहिलं घर सोडणं, पहिली नोकरी, पहिलं प्रेम. आपण कोण आहोत हेही याच काळात ठरत असतं, आणि त्या ठरण्याला जे जे चिकटलं ते टिकतं. संगीताच्या बाबतीत १९८९ मध्ये मॉरिस होलब्रूक आणि रॉबर्ट शिंडलर या अमेरिकी संशोधकांनी निरनिराळ्या वयाच्या लोकांना निरनिराळ्या दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवली. माणूस साधारण तेवीस-चोवीस वर्षांचा असताना जी गाणी लोकप्रिय होती, ती त्याला सर्वाधिक आवडतात, असं त्यांना आढळलं. २००९ मध्ये पेटर यानाता यांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं की ओळखीचं, आठवण जागवणारं गाणं ऐकताना कपाळामागचा जो भाग काम करतो तोच स्वतःविषयीच्या स्मृती जोडण्यातही गुंतलेला असतो. गाणं आठवणीला नुसतं सोबत करत नाही, ते तिला ओढून आणतं.

याचा अर्थ सरळ आहे. १९८७ मध्ये सतरा वर्षांचा असलेला माणूस २०१९ मध्ये एकोणपन्नास वर्षांचा होता. नोकरीत स्थिर, मुलं मोठी, हातात पैसा. त्याच्या डोक्यातला उंचवटा आणि त्याच्या खिशाची क्षमता यांची गाठ पडायला तीसेक वर्षं लागतात. बँडांचे 'तिसावं वर्ष', 'पस्तिसावं वर्ष' असे दौरे निघतात ते याच हिशेबाने. दौरा आखणाऱ्यांना मानसशास्त्र वाचावं लागत नाही, तिकीटविक्रीच त्यांना ते शिकवते.

पैशाचं गणितही या काळात उलटं झालं. पूर्वी बँड दौऱ्यावर निघायचा तो तबकड्या विकल्या जाव्यात म्हणून. दौऱ्यात तोटा झाला तरी चालायचं. ध्वनिमुद्रित संगीताचा धंदा १९९९ मध्ये शिखरावर होता. मग इंटरनेटवरून गाणी फुकट उतरवून घेणं सुरू झालं आणि पुढची पंधरा वर्षं हा धंदा घसरत राहिला. डेव्हिड बोवी या गायकाने २००२ मध्येच हे ओळखलं होतं: संगीत नळाच्या पाण्यासारखं किंवा विजेसारखं घरोघर वाहू लागेल, तेव्हा कलावंतांनी भरपूर दौरे करायची तयारी ठेवावी, असं तो एका मुलाखतीत म्हणाला. अर्थशास्त्रज्ञ ॲलन क्रूगर यांनी मेरी कॉनोली यांच्यासह पुढे त्याचे आकडे मांडले. १९९६ ते २००३ या काळात अमेरिकेतल्या तिकिटांची सरासरी किंमत ८२ टक्क्यांनी वाढली, महागाई वाढली १७ टक्क्यांनी. आणखी एक आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९८२ मध्ये मैफलींच्या एकूण उत्पन्नातला २६ टक्के वाटा सर्वांत वरच्या एक टक्का कलावंतांकडे जात होता. २००३ मध्ये तो ५६ टक्के झाला. म्हणजे दौऱ्यांचा पैसा वाढला, पण तो ज्यांचं नाव आधीच झालेलं होतं त्यांच्याकडे साचला.

यू टूने 'जोशुआ ट्री'चा पहिला स्मृतिदौरा २०१७ मध्ये केला: ५१ कार्यक्रम, सुमारे ३१.६ कोटी डॉलर. एल्टन जॉनचा निरोपाचा दौरा २०१८ ते २०२३ चालला आणि ९० कोटी डॉलरच्या पुढे गेला. घरबसल्या ऐकण्यातही तेच दिसतं. अमेरिकेत आज ऐकल्या जाणाऱ्या संगीतापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास संगीत दीड वर्षाहून जुनं आहे. पुरवठा अमर्याद झाला की माणूस ओळखीच्या गाण्याकडे वळतो.

पण पैसा सगळं करू शकत नाही, कारण हे काम शरीराने करायचं असतं. वय वाढतं तसतशा स्वरयंत्राच्या कूर्चा हाडासारख्या कडक होत जातात. पुरुषांचे स्वरतंतू पातळ होतात, त्यांच्यातला लवचीकपणा घटतो आणि ते पूर्ण मिटेनासे होतात, त्यामुळे आवाजात हवा मिसळते. श्वासाचा साठाही कमी होतो. गाणं शिकलेला माणूस यातलं बरंचसं तालमीने सांभाळतो, पण पंचविशीत गळा ताणून लावलेला वरचा स्वर साठीत दररात्री लागणं अवघड. म्हणून पट्टी अर्ध्या-एका स्वराने उतरवतात, वरच्या जागा प्रेक्षकांकडून गाऊन घेतात, कोरसवाले वाढवतात. काही जण आधी मुद्रित केलेला आवाज खालून सोडतात. ही शेवटची गोष्ट मला मान्य नाही. उतरवलेल्या पट्टीत गाणारा म्हातारा गायक आपल्या वयासह समोर उभा असतो आणि ऐकणाराही तेवढाच म्हातारा झालेला असतो. त्यात दोघांचा प्रामाणिकपणा आहे. रेकॉर्ड वाजवून ओठ हलवायचे असतील तर घरची कॅसेट बरी.

गळ्याच्या संदर्भात 'जोशुआ ट्री'मधल्या एका गाण्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. 'रेड हिल मायनिंग टाउन' हे अल्बममधलं सहावं गाणं. १९८४-८५ च्या ब्रिटनमधल्या कोळसा खाणकामगारांच्या संपातून ते सुचलं. खाण बंद पडली की गाव आणि घर यांचं काय होतं, हा त्याचा विषय. अल्बममध्ये ते इतक्या वरच्या पट्टीत गायलं गेलं होतं की बँडने ते तीस वर्षांत एकदाही मंचावर वाजवलं नाही. पहिल्यांदा वाजलं मे २०१७ मध्ये व्हँकूव्हरला, स्मृतिदौऱ्याच्या पहिल्या रात्री, मागच्या प्रचंड पडद्यावर पितळी वाद्यांच्या बँडची साथ दाखवत. पूर्ण अल्बम क्रमाने वाजवायचा असं ठरवल्यामुळेच ते त्यांना टाळता आलं नाही. जुन्याकडे वळल्यामुळेच त्यांना काही नवं करावं लागलं, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

नेरूळला ते गाणं वाजलं तेव्हा त्याचा इथल्या मातीशी काय संबंध आहे हे मंचावरच्या कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. ब्रिटनमध्ये खाणकामगार संपावर गेले त्याच वर्षी, १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला, पनवेल खाडीपलीकडे उरण तालुक्यातल्या जासई परिसरात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकऱ्यांचं आंदोलन झालं. दि. बा. पाटील त्याचे नेते होते. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. भातशेती, मिठागरं आणि खाडीवर जगणाऱ्या पंच्याण्णव गावांच्या जमिनीवर ही नवी मुंबई उभी आहे, आणि ते स्टेडियमही. खाण गेल्यावर गावाचं काय होतं हे गाणं जर कुठे मनापासून ऐकलं जायला हवं असेल, तर ते इथेच.

दिवाळ्याची स्वतःची जुनी गाणी वेगळ्या वाटेने टिकली आहेत. कोळीगीत म्हटल्यावर महाराष्ट्राला आठवतं 'मी डोलकर': शब्द शांता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज हेमंतकुमार आणि लताबाईंचे. कोळीवाड्याबाहेरच्या मंडळींनी रचलेलं हे गाणं कोळीवाड्यांनी आपलं मानलं. पुढे कॅसेटच्या जमान्यात 'वेसावकर आणि मंडळी'सारख्या, कोळीवाड्यातूनच उभ्या राहिलेल्या चमूने घरोघरी कोळीगीतं पोचवली. आजही हळदीच्या रात्री मांडवात बँजो पार्टी उभी राहिली की याच गाण्यांना फर्माईश असते, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे त्यावर नाचतात. तिथे कोणी म्हणत नाही की हे जुनंच आहे, नवं काहीतरी वाजवा. नवंही वाजतं, पण जुनं वाजल्याशिवाय हळद झाली असं वाटत नाही. दिवाळ्यात दिवाळीला पाण्यातून बहिरीदेवाला शोधून वर काढतात, गावात आणतात, उत्सव होतो आणि देव पुन्हा पाण्यात जातो. दरवर्षी तेच. त्याच्या त्याच असण्यातच गावाचं समाधान आहे. पुनरावृत्तीला कमी लेखण्याची सवय आपल्याला आधुनिक कलाविचाराने लावली; माणसाच्या सांस्कृतिक आयुष्याचा फार मोठा भाग पुनरावृत्तीचाच राहिला आहे.

मराठी भावसंगीतानेही याचं भान ठेवलं. 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशा रीतीने प्रसारित झालं: गदिमांची छप्पन्न गीतं, सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांचं संगीत. नभोवाणीवर ती अनेक गायकांनी गायली. पुढे बाबूजींनी ती एकट्याने मंचावर नेली आणि कित्येक दशकं गावोगाव गायली. २००२ मध्ये ते गेल्यावर त्यांचे चिरंजीव श्रीधर फडके ती गातात. अरुण दाते यांनी 'शुक्रतारा' हे १९६२ च्या सुमाराच्या एका गाण्याचं नाव कार्यक्रमाला दिलं आणि त्या नावाचे अडीच हजारांहून जास्त प्रयोग केले. आठवणींवर चालणारा दौरा ही परदेशी बँडांची क्लृप्ती आहे असं मानणाऱ्याने वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाच्या वेळापत्रकावर नजर टाकावी. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम तिथे होतच असतात. बाबूजींना कोणी आटलेला कलावंत म्हटलं नाही. त्यांनी नव्या चाली केल्या, चित्रपट केले, आणि तरीही लोकांनी त्यांच्याकडे रामायणच मागितलं. गाणं एकदा लोकांच्या घरात गेलं की संगीतकार त्याचा राखणदार होतो. ती जबाबदारी आहे, आणि दरवेळी नव्याने निभावावी लागते.

आता 'इंडस क्रीड'कडे येतो. १९९७ मध्ये फुटलेला हा बँड २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला. जुन्या गाण्यांवर चार शहरांचा दौरा करून थांबणं त्यांना सोपं होतं. त्यांनी नवी गाणी लिहिली आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम काढला. यातला ताठ कणा मला आवडतो, पण त्यामागे एक दुखरी बाजूही आहे. जुन्या गाण्यांवर वर्षानुवर्षं फिरायचं तर ती गाणी पुरेशा लोकांच्या तारुण्यात वाजलेली असावी लागतात. 'रॉक मशीन'ची वाजली ती काही शहरांतल्या महाविद्यालयांत, थोड्याशा कॅसेटांवरून. मोठा प्रेक्षकवर्ग तयार होण्याआधीच रंगभवन बंद झालं. शेजारी रुग्णालय आणि महाविद्यालय, म्हणून शांतता क्षेत्राचे नियम लागू झाले आणि २००० नंतरच्या काही वर्षांत तिथला मोठा आवाज थांबला. नियम चुकीचे नव्हते. चुकलं ते हे की त्या तोडीची, त्या भावातली दुसरी जागा या महानगराने तयार केली नाही. काळा घोड्याचं 'ऱ्हिदम हाउस' हे संगीताचं दुकानही २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झालं. 'इंडिपेंडन्स रॉक' २०२२ मध्ये पुन्हा भरवण्यात आला तेव्हा डोक्यावरचे केस विरळ झालेले शेकडो लोक तिथे जमले, आपापल्या मुलांना घेऊन.

या मुलांचं काय होतं, त्यावर कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रुमहान्सल यांचा २०१३ मधला अभ्यास आहे. विशीतल्या विद्यार्थ्यांना त्यांनी १९५५ पासूनची लोकप्रिय गाणी ऐकवली. अपेक्षेप्रमाणे त्यांना स्वतःच्या काळातली गाणी जवळची वाटली, पण आलेखावर आणखी एक उंचवटा निघाला: त्यांचे आईवडील विशीत होते त्या १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचा. त्यामागे साठच्या दशकाचा आणखी एक लहानसा. घरात, गाडीत, सणासुदीला आईबापांनी वाजवलेली गाणी मुलांच्या स्वतःच्या आठवणींचा भाग झाली होती. जन्माआधीच्या गाण्याची ओढ वाटते ती अशी. २०२५ च्या जानेवारीत 'कोल्डप्ले' नेरूळला १८, १९ आणि २१ तारखेला वाजला, तेव्हा 'यलो' हे २००० सालचं गाणं म्हणणाऱ्यांत त्या वर्षी न जन्मलेले खूप होते. 'कोल्डप्ले'ही हळूहळू आठवणींच्या बाजूला सरकतो आहे.

तंत्रज्ञान याच्याही पुढे जायला निघालं आहे. 'ॲबा' या स्वीडिश बँडने मे २०२२ पासून लंडनमध्ये स्वतःच्या तरुणपणीच्या संगणकीय प्रतिमा मंचावर उभ्या केल्या. गाणारे घरी, साथीला खरे वादक. 'किस' या बँडने डिसेंबर २०२३ मध्ये शेवटचा कार्यक्रम करून पुढची सूत्रं अशाच प्रतिमांकडे सोपवत असल्याचं जाहीर केलं. यू टूने २०२३-२४ मध्ये लास व्हेगसच्या 'स्फिअर' या प्रचंड पडद्याच्या सभागृहात आपला १९९१ चा अल्बम चाळीस रात्री वाजवला, पण दुखण्यामुळे लॅरी मलन ड्रमवर नव्हता. सत्तेचाळीस वर्षं एकत्र असलेल्या चौघांपैकी एक जण नाही, हे लोकांना खटकलं. मला यात आशेची गोष्ट दिसते. पडदा कितीही मोठा केला तरी प्रेक्षक माणसं मोजत होता.

समोरच्या माणसावरच टिकलेलं गाणं नेरूळ-बेलापूरच्या पट्ट्यातही आहे. इथल्या आगरी-कोळी लग्नांत धवलारीण बसते. देवांना आवतण देण्यापासून हळद लावण्यापर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्या तोंडी असतं. कित्येक घरांत लग्न लावायचं तेच मुळी तिच्या धवल्यांनी. तिची गाणी कोणत्याही तबकडीवर चढून लोकप्रिय झालेली नाहीत, त्यामुळे ती कधी उतरणीलाही लागली नाहीत आणि त्यांना परतीच्या दौऱ्याची गरज पडली नाही. ती एका बाईकडून दुसरीकडे, शेजारी बसून, आवाजात आवाज मिसळून जातात. बँजोचे भोंगे मांडवाच्या एका कोपऱ्यात लागतात तेव्हा दुसऱ्या कोपऱ्यात ही बाई बसलेली असते, वय सत्तरीचं, ऐकणाऱ्या तीन-चार बायका. तिच्या शेजारी बसून शिकणाऱ्या मुली आता फार थोड्या आहेत, आणि ज्या आहेत त्यांच्या मोबाइलमध्ये तिचं एखादंच गाणं असतं, अर्धं, मागे ढोलकीचा आवाज चढलेलं.